कफोने म्हणजे काय, हे मी व्याह्यांना सांगितलं

…नाही, पण मला सांगा, आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपणच आणलेल्या पावाबद्दल माणसानं बोलायचं नाही? तुम्हाला सांगतो, आठ दिवस झाले, अजून कान गरम होतात! आमच्या मुलीचं, नुन्झियाचं, लग्न ठरलंय, मुलाचे वडील कानियो रविवारी पहिल्यांदाच नेपल्सला आमच्याकडे जेवायला आले, पार डोंगरातल्या कालित्रीहून, हातात घरचं चीज, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट… आणि बोलत काहीच नाहीत! आता कुणीतरी बोलायला नको? मी पाव उचलला. म्हटलं, "व्याहीबुवा, हा कफोने पाव. कफोने का म्हणतात, ठाऊकाय?"

मी आपला पावाबद्दल बोलत होतो हो!

"कफोने म्हणजे गावंढळ! खेड्यातली माणसं शहरात यायची ना, हरवू नये म्हणून दोरी धरून… 'को आ फूने', दोरीसकट! त्याचं झालं म्हणे कफोने!" आणि हसलो. एकटाच.

कानियो म्हणाले, "माझे वडील आले होते तसे. दोरी घेऊन. तुमच्या बंदरावर पोती उचलायला."

बायकोनं टेबलाखालून लाथ घातली. गप्प बसावं की नाही? छे! सावरायला गेलो. "तसं नाही हो, काही जण म्हणतात एक रोमन शिपाई होता, काफो नावाचा, लोकांच्या जमिनी लाटायचा…" नुन्झियानं डोळे मिटले. "किंवा ग्रीक शब्द असेल म्हणे, कर्कश आवाजाचा माणूस…" आणि तुम्हाला सांगतो, कानियोंचा आवाज म्हणजे… दगडावर दगड घासावा! अहो, पण मी पावाबद्दल बोलत होतो!

बायको, असुन्ता, म्हणाली, "आणि राफेले, तुझे बाबा कुठून आले होते रे? बकरी घेऊन?"

संपलं! इतकी वर्षं 'आम्ही पिढीजात नेपल्सचे' म्हणून मिरवलो… शाळेच्या दारात बाबा उभे असले की मी दुसऱ्या फाटकानं निघून जायचो, हे हिला एकटीलाच ठाऊक. धरणीनं पोटात घ्यावं म्हटलं, तर आम्ही चौथ्या मजल्यावर!

कानियोंनी पाव ओढला, छातीशी धरला, सुरी स्वतःकडे ओढत जाडजूड काप काढला. माझे बाबा कापायचे अगदी तस्सा… पहिला काप माझ्या ताटात.

"खा," म्हणाले, "तुमचं तोंड भरलेलंच बरं."

लग्न जूनमध्ये आहे. मुलीच्या बापानं दोन शब्द बोलायचे असतात. नुन्झियानं लिहून दिलेत, मोजून दोन: "जेवायला चला."