नायट्रेट शून्य

—नाही नाही, ती पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी ठेवून द्या, साहेब. ती गोड्या पाण्याच्या टाकीला ठीक आहे, तुम्हाला खाऱ्या पाण्याची करायची ना? मग थेंबांचाच किट घ्या, हा. ह्यात काचेची नळी येते, बाटल्या येतात, रंगांचं कार्ड येतं. मी दुकानदार नाही बरं का, दुकान श्रीनाथचं, तो स्टेशनवर गेलाय पार्सल सोडवायला—मुंबईहून मासे येतात ना पिशव्यांमधून, गाडी लेट झाली की अर्धे उलटेच उतरतात—मला म्हणाला, सर, बस दहा मिनिटं बसा. झाली असतील चाळीस. मी शाळेत सायन्स शिकवायचो, तीस वर्षं, आता रिटायर. उज्जैनच्या ह्या अर्ध्या फ्रीगंजला मीच शिकवलंय. श्रीनाथलासुद्धा, दोनदा नापास झाला माझ्या विषयात, आणि आता मलाच विचारतो, सर, ह्या बाटलीवर काय लिहिलंय. तुम्ही मराठीच ना? मघाशी किंमत वाचून 'बापरे' म्हणालात, तेव्हाच ओळखलं. मुलीसाठी करताय टाकी? वा. बसा ना, त्या स्टुलावर बसा.

आता वापरायचा कसा ते बघा, श्रीनाथ नुसता विकतो, सांगत काही नाही. आधी तारीख बघायची—ही बघा, ही बाटली गेल्या वर्षीच संपली, ठेवा बाजूला—जुनं औषध असलं की रंग खोटा येतो. कार्ड खाऱ्या पाण्याचंच आहे ना तेही बघायचं, दोन्ही कार्डं सारखीच दिसतात आणि माणूस फसतो. मग नळी टाकीच्याच पाण्यानं विसळायची, रेघेपर्यंत भरायची, थेंब मोजून टाकायचे. नायट्रेटची दोन नंबरची बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवायची, बिलकुल कंटाळा करायचा नाही, सगळं तळाशी बसलेलं असतं, न हलवता टाकलंत तर नुसतं पिवळं, म्हणजे शून्य दिसणार आणि तुम्ही खूश. आणि रंग ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीशी जा, मागे पांढरा कागद धरा. अमोनिया शून्य पाहिजे, नायट्राइट शून्य पाहिजे. का? तर मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचा होतो अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट—कंटाळलात तर सांगा, सवय आहे माझी. पहिल्या दोघांनी मासा मरतो. नायट्रेट तेवढं वाईट नाही, ते साठत जातं, पाणी बदललं की उतरतं, पुन्हा चढतं. लोकांच्या टाकीत वीस असतं, चाळीस असतं. आणि माझ्याकडे? शून्य! महिना झाला, दर रविवारी शून्य. उज्जैनमध्ये समुद्राचा मासा ठेवणारा मी एकटा, विचारा कोणालाही.

मासा कुठला? क्लाउन. नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे, बोटाएवढा. मजेत आहे. म्हणजे—हो, मजेत आहे. माझा नाही तो, राजसचा, माझ्या मुलाचा. तो अमेरिकेत असतो, कॉम्प्युटरमध्ये, ते सन दोन हजारचा घोळ निस्तरायचं काम चाललंय ना सगळीकडे, त्यात. त्याला खरं म्हणजे कोचीनला जायचं होतं, माशांचं शिकायला. मी म्हटलं, मासे काय शिकायचे? आलेला फॉर्म मीच फाडला. हो, फाडला, समोर उभा करून. इंजिनीअरिंगला घातला. चार वर्षं एका घरात राहून तो माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलला, आणि त्याच चार वर्षांत ट्यूशनी घेऊन ही टाकी उभी केली त्यानं, बैठकीत, माझ्या खुर्चीसमोर. जाताना स्टेशनवर पाया पडला आणि म्हणाला, बाबा, दर रविवारी पाणी तपासा, मी फोन करीन, आकडे सांगा. चार वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य. आणि करतो हो फोन! सकाळी साडेआठला. आईशी दोन मिनिटं, जेवलास का, स्वेटर घालतोस का, आणि मग म्हणतो, बाबांना दे. 'बाबांना दे' म्हणतो, साहेब! अमोनिया किती, पीएच किती, रंग दोन चौकोनांच्या मधला आला का, उजेड कुठला होता—वीस वीस मिनिटं. पाण्याचं झालं की मग हळूच सांगतो, इथे बर्फ पडला, इथे संध्याकाळी फार एकटं वाटतं. मला सांगतो. आईला नाही सांगत.

काय? हो, नायट्रेट शून्यच म्हणालो. कार्डावरचा पहिला चौकोन, स्वच्छ पिवळा. बाटली हलवली होती, हो, अर्धा मिनिट. तारीखही पुढच्या वर्षाची आहे. तुम्ही काय करता, साहेब? पीएचईत? पाणी तपासायच्या लॅबमध्ये? अरे देवा, आधी नाही का सांगायचं, मी केव्हाचा शिकवत बसलोय. बरोबर आहे तुमचं. मासा रोज खात असेल तर महिनाभर शून्य कसं येईल? सातवीच्या पोराला मी हाच प्रश्न घातला असता. नाही साहेब. मासा नाहीये. जूनमध्ये गेला. श्रीनाथला बोलू नका हं, त्याच्याकडून मी अजून माशाचं खाणं नेतो.

मीच मारला. कसा ते ऐका, पण हसू नका. मे महिना, आपल्याकडचं ऊन, दिवसातून सहा तास लाइट नाही, टाकीचं पाणी रोज दोन बोटं खाली. राजस सांगून गेला होता की पाणी बदलताना साधं घालायचं नाही, मीठ कालवून घालायचं. तो बदलण्याबद्दल म्हणाला होता. मी उडालेल्या पाण्याच्या जागीसुद्धा मिठाचंच घातलं. रोज. पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं—तीस वर्षं शिकवलंय मी हे, बशीत मिठाचं पाणी घेऊन शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवायचो, पोरं चाटून बघायची—आणि घरात स्वतःच्या हातानं रोज मीठ वाढवत गेलो. खारेपणा मोजायचा काचेचा काटा असतो, तो माझ्याकडून पहिल्याच महिन्यात फुटला होता. म्हटलं, सगळे रंग बरोबर येतायत, काट्याचं काय अडलंय? आणि येतच होते हो! ह्या किटमध्ये मीठ कुठे मोजतात? मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकायचा, की मी धावत नळी भरायचो. अमोनिया शून्य. पुन्हा भरायचो. पुन्हा शून्य. तीन दिवस तेच केलं मी. तो माझ्यासमोर मरत होता आणि मी कार्ड धरून खिडकीशी उभा. सुलूनं, बायकोनं, शेवटी काढला त्याला बाहेर आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला.

मग सांगितलं का नाही? काय सांगू? फॉर्म मी फाडला, मासाही मीच मारला, हे सांगू? आणि सांगितलं, तर पुढच्या रविवारी आम्ही बोलायचं काय? सुलू म्हणते, सांगून टाका एकदाचं. तिला काय, तिच्याशी तो आपणहून बोलतो. माझ्याकडे हे पाणी सोडलं तर आहे काय? म्हणून चालू ठेवली टाकी. पंप चालू, दिवा चालू, पंधरा दिवसांनी पाणी बदलतो, रविवारी पहाटे उठून तपासतो. आणि एक अक्षर खोटं बोललेलो नाही हं—सुरुवातीला दोन-चारदा त्यानं विचारलं, खातोय ना, मी हो म्हटलं, ते एक सोडा—पण आकडे खरे! जूनमध्ये वीस, जुलैत दहा, मग पाच, मग शून्य. जसे आले तसे सांगितले. माशाचं त्यानं पुढे विचारलंच नाही, मग मी कशाला आपणहून—

त्याला कळतं का, म्हणजे? मतलब, न कळायला काय झालं, मला हे सगळं त्यानंच तर समजावलंय. मी पुस्तकातलं शिकवायचो, टाकीतलं त्यानं शिकवलं. प्रत्येक रविवारचा आकडा लिहून ठेवतो तो, मागच्या महिन्याचा विचारा, फटकन सांगेल. वीस, दहा, पाच—

थांबा. थांबा जरा, साहेब.

पाच सांगितलं त्या रविवारी तो गप्प झाला होता. मला वाटलं लाइन गेली, मी हॅलो हॅलो करत बसलो. मग म्हणाला, बाबा, पाणी फार छान ठेवलंय तुम्ही. बस. त्याच्या आधी मासा खातो का, पट्टे फिके तर नाही पडले, काही ना काही विचारायचा. त्यानंतर नाही. एकदाही नाही. मी म्हटलं, सुटलो. म्हणजे तेव्हापासून तो—रिकाम्या टाकीचे आकडे मी वाचतोय आणि तो तिकडे लिहून घेतोय? वीस वीस मिनिटं? चिडायचं ना त्यानं! मी चिडलो असतो. ओरडायचं, फोन आपटायचा. आणि तो विचारतो, उजेड कुठला होता, बाबा.

उद्याच रविवार आहे. उद्या तो विचारणार आणि मी सांगणार, आणि त्याला माहीत आहे हे मला आता माहीत... काय करायचं असतं हो अशा वेळी? 'राजस, मासा मेला', एवढे तीन शब्द, म्हणता येत नाहीत मला. तुमच्या मुलीशी तुम्ही कशाबद्दल बोलता? जाऊ द्या. नका सांगू.

तो किट? ठेवा तिथे. श्रीनाथ आला की त्याला विचारा कुठला घ्यायचा ते. नाही नाही, मी ठीक आहे, पाणीबिणी काही नको. तुम्ही जा, साहेब. मला ह्यातलं काही कळत नाही.