ईटच्या दवाखान्यातली चित्रं

अरे, ईट गावात जनावरांचा दवाखाना कधीचा बंद पडलाय ना, तो आम्ही झाडून घेतला अन् आठवडाभर गावातल्या पोरींनी काढलेली चित्रं लावली. दार उघडं दिसलं म्हणून सखूमावशी पोट फुगलेली शेळी घेऊन थेट आत!

म्हटलं, "मावशी, डॉक्टर न्हाईत. इथं चित्रं हायती."

"ऱ्हाऊ द्या की चित्रं. आधी हिच्याकडं बगा."

आता काय करणार? चित्रं आणायला घेतलेल्या जीपमधनंच शेळी भूमला डॉक्टरकडं नेली, इंजेक्शन देऊन आणली.

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवतोय, तर मावशी त्याच शेळीसकट हजर. उंबऱ्यावर नारळ फोडला अन् म्हणाली, "तुमच्या हाताला लई गुण हाय. दवाखाना बंद करू नगा."

मी हातातलं कुलूप पाठीमागं लपवलं.