वैशाखऱ्याच्या टेकाडावरून लागलेला फोन

माझे नाव सकुबाई नथू हरड, वय ५१ वर्षे, धंदा चहा-भजीचे हॉटेल व शेती, राहणार वैशाखरे, ता. मुरबाड, जि. ठाणे. शहापूर येथे चौकशी अधिकाऱ्यांसमोर हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. शिपाई रत्नदीप उबाळे, राहणार शेणवा, यांच्यावर चौकशी लागल्याचे समजले, म्हणून मी आपण होऊन आले आहे.

माझे हॉटेल माळशेज रस्त्यालगत आहे. मागे टेकाड आहे. मोबाईलची रेंज फक्त टेकाडावर येते, खाली येत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये एके दिवशी दुपारी फौजदार चिकणे व शिपाई उबाळे मोटारसायकलवरून आले. चोरीच्या खैराच्या लाकडांचा टेम्पो घाटातून उतरणार, अशी त्यांना खबर होती. फौजदारांकडे सरकारने दिलेला नवीन मोबाईल होता. माणूस रानात एकटा पडू नये, त्याला लगेच मदत मागवता यावी म्हणून तो दिला आहे, असे उबाळे यांनी मला सांगितले. फौजदारांनी त्याला मखमली पिशवी शिवून घेतली होती.

उबाळे म्हणाले, "साहेब, मोबाईल माझ्याकडं द्या. मी टेकाडावर बसतो. टेम्पो दिसला की कळवतो, पुढं नाकाबंदी होईल. आपण दोघांनीच अडवायला नको."

फौजदार म्हणाले, "तुमच्या लोकांच्या हातात द्यायची वस्तू हाय काय ही?" त्यापुढे ते जे बोलले ते मी इथे सांगत नाही. उबाळे यांनी ते ऐकून घेतले व चहा अर्धा ठेवून उठले. त्यांनी रस्त्यावरच्या मोरीजवळ एकट्याने उभे राहायचे, हात वर केला की फौजदारांनी टेकाडावरून फोन लावायचा, असा हुकूम झाला.

फौजदार टेकाडावर बसून मोबाईलवर मोठ्याने बोलत होते. ते बोलणे पोलिसांशी नव्हते. न्हाणीघराच्या लाद्या पिस्ता रंगाच्या घ्याव्या की गुलाबी, यावर ते मेव्हण्याशी बोलत होते. टेम्पो आला तेव्हा उबाळे यांनी हात वर केला. मला तो हॉटेलातून दिसला. फौजदारांचे गुलाबीवर चालले होते.

हात पाहून टेम्पो थांबला व त्यातून तिघे कोयते घेऊन उतरले. ते पाहून फौजदार टेकाडावरून खाली आले. वयाच्या मानाने फार लवकर आले. मोरीकडे न जाता माझ्या चुलीमागे गेले, मोबाईल बंद केला व पडदा ओढून घेतला. मी म्हणाले, "अवो साहेब, त्याला मारतात. फोन लावा."

ते म्हणाले, "इथं रेंज नाय. गप ऱ्हा बाई, आवाज करू नको."

माझी सून श्वेता पूर्वी मुरबाडला दुकानात कामाला होती, तिला मोबाईल लावता येतो. तिने पडद्याआत हात घालून मोबाईल मागितला. फौजदारांनी विरोध केला नाही. श्वेता टेकाडावर पळत गेली व तिने शंभर नंबर लावला. मी भज्यांचा झारा घेऊन व माझे मालक नथू पहार घेऊन ओरडत मोरीकडे गेलो. ते तिघे टेम्पोत चढले. जाताना त्यांनी गाडी उबाळे यांच्या पायावरून नेली. त्यांचा पाय मी पाहिला आहे, त्याबद्दल मला विचारू नये.

फोन लागल्यामुळे टेम्पो मुरबाडच्या आधीच नाकाबंदीत सापडला. दवाखान्याची गाडीही वेळेत आली, नाहीतर उबाळे वाचले नसते, असे डॉक्टर म्हणाले. पूर्वी असे काही झाले की एस.टी.ची वाट पाहून माणूस निरोप घेऊन पाठवावा लागे. गाडी आली तेव्हा फौजदार चुलीमागून निघाले व गर्दी हटवू लागले. त्यांच्या पाठीला राख होती, ती मी झटकली नाही.

पुढे मोबाईलचा प्रसंगावधानाने वापर केला म्हणून फौजदारांना शाल व नारळ मिळाला. उबाळे हुकूम मोडून पुढे गेले, असा ठपका ठेवून त्यांच्यावर चौकशी लागली. ते अजून कुबड्यांवर आहेत.

मागच्या आठवड्यात फौजदार हॉटेलात आले. म्हणाले, "मावशी, तुमी फक्त येवढंच सांगा, फोन साहेबांनी लावला. सुनेचं नाव कशाला गोवता? बाईमाणूस हाय." मी त्यांना चहा दिला नाही. माझ्या हॉटेलात चहा न मिळालेले ते पहिलेच गिऱ्हाईक.

माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या दुपारी शंभर नंबरवर ज्या शिपायाने फोन घेतला त्याला बोलावून विचारावे, आवाज बाईचा होता की बाप्याचा. फौजदारांचा आवाज मी चांगला ओळखते. तो बाईचा नाही. ते बाई असते तर चुलीमागून बाहेर आले असते.

हा जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी शेवटचे वाक्य गाळू का, असे विचारले. मी नको म्हणाले. सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा देत आहे.