खिळ्यावरची किल्ली

दातांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या ड्रायव्हरचा गाल इतका सुजला होता की बोलायची सोय नव्हती. शेजारी एक मावशी आणि त्यांच्या इमारतीत नवा आलेला तरुण भाडेकरू बसले होते. त्यांचं ऐकण्यावाचून त्याला इलाजच नव्हता.

"पाण्याच्या व्हॉल्व्हची किल्ली शिंपीणकाकूंकडेच का, मावशी? त्यांना हा अधिकार दिला कोणी?"

"आम्ही."

"मी नाही दिला. माझ्या आंघोळीची वेळ त्या कोण ठरवणार?"

"अरे, खालचं बंद केल्याशिवाय वर पाणी चढत नाही. पूर्वी किल्ली जिन्यातच टांगलेली असायची. ज्याला वाटेल तो फिरवायचा. खालचे न्हाऊन मोकळे आणि वरचे कोरडे! बादल्यांनी मारामाऱ्या झाल्यात."

"म्हणून एका बाईची हुकूमशाही?"

"तू अजून जानेवारी पाहिला नाहीस. दर जानेवारीत ती किल्ली जिन्यातल्या खिळ्याला अडकवते आणि चार दिवस लेकीकडे निघून जाते. कुणीही घ्यावी."

"कोण घेणार!"

"तळमजल्यावरच्या मास्तरांनी घेतली होती की. वर्षभर छान चालवली. ही शिंपीण आपली बादली घेऊन पाळीला उभी. एका शब्दानं किल्ली मागितली नाही. मास्तरांची बदली झाली, तेव्हा आम्हीच किल्ली घेऊन तिच्या दारात गेलो."

"म्हणजे तुम्हाला तिचं सगळंच पटतं?"

"छे! कालच तासभर भांडले."

"मग या जानेवारीत मी घेतो."

"खुशाल घे. घ्यायला कुणाचाही हात पुढे होतो रे. पुढच्या जानेवारीत खिळ्याला अडकवताना तुझा हात धजेल का, तेवढं बघ."