सर ज्या विषयात नापास झाले

नमस्कार. किआ ओरा.

काकू, आणि इथे जमलेले सगळे जण. रोटोटुनाचा हा हॉल आपला नेहमीचा. गणपतीला आपण इथेच जमतो, कोजागिरीला इथेच. खुर्च्या लावायचं काम सरांचं. आज आम्ही लावल्या, जरा वाकड्याच लागल्यात. मला सलग बोलता येईल असं वाटत नाही, तुम्ही सांभाळून घ्या.

मी सायली. साठे सरांची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. आता त्यांचाच पेपर, म्हणजे कोर्स, मी शिकवते. त्या पेपरचं नाव लांबलचक होतं. सर म्हणायचे, नाव सोडा, आयुष्यभर शिकत कसं राहायचं ते इथे शिकायचं. टर्मच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्याला अजिबात न येणारी एक गोष्ट निवडायची आणि आपली आपण शिकायची. कोणी वेल्डिंग घेतलं, कोणी विणकाम. मी पोहणं. पुण्याची मुलगी, न्यूझीलंडच्या थंडीत पोहायचे टॉग्ज घालून पूलच्या काठावर कुडकुडत उभी. शेवटी सर विचारायचे, कुठे अडलीस? कुणाला विचारलंस? जमतंय हे तुझं तुला कसं कळलं? पोहता येतं का, हे विचारायचेच नाहीत. मी चार हात मारून दमले होते, तरी मला हीप्स, अगदी ढीगभर मार्क मिळाले.

डिपार्टमेंटमधले लोक म्हणायचे, याला मार्क द्यायचे तरी कसे? सर म्हणायचे, यांचं सॉफ्टवेअर उद्या बदलणार. तेव्हा मी यांच्या शेजारी बसलेला असणार आहे का?

आणि एक गोष्ट सर स्वतःही शिकायचे. त्यांना मार्क आम्ही द्यायचे.

तेव्हा काकू हॉस्पिटलच्या फार्मसीत होत्या. सुटल्यावर बसने कॅम्पसवर यायच्या आणि सरांचं आवरेपर्यंत लायब्ररीत थांबायच्या. आमच्या वर्गातल्या जॉशने एकदा विचारलं, सर, त्या गाडी चालवत नाहीत? सर म्हणाले, मी शिकवायला घेतली होती, दर वेळी भांडण होतं. जॉशने शांतपणे विचारलं, कुणामुळे?

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डवर आपला त्या वर्षीचा विषय लिहिला: बायको गाडी चालवत असताना शेजारी गप्प बसणं.

तुम्हाला आपलं हॅमिल्टन माहीत आहे. एक राउंडअबाउट संपत नाही तोवर दुसरा येतो. टर्मच्या शेवटी आम्ही काकूंना साक्षीला बोलावलं. काकू, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "पहिल्या राउंडअबाउटपर्यंत तोंड बंद असतं. मग पाय ब्रेक दाबायला लागतो. त्यांच्या बाजूला ब्रेकच नाहीये."

आम्ही सरांना नापास केलं. आणि सर इतके खूश! म्हणाले, बरोबर आहे, पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. बसले की. दर वर्षी तोच विषय, दर वर्षी नापास. काकूंना लायसन्स मिळालं, आमची लग्नं झाली, मुलं झाली, सर आपले तिथेच. आजारपणात काकूच त्यांना हॉस्पिटलला न्यायच्या. डोळे मिटलेले, अंगात त्राण नाही, आणि हळूच म्हणायचे, "उजवीकडून येतोय बघ."

आज इथे येताना काकू म्हणाल्या, गाडी मीच चालवणार. मला मागे बसायला सांगितलं. पुढची सीट रिकामी ठेवली. पहिला राउंडअबाउट गेला. दुसरा गेला. हॉलच्या अलीकडे काकूंनी गाडी बाजूला घेतली. म्हणाल्या, "सायली, आज एक शब्दही बोलले नाहीत गं. पास करून टाक त्यांना."

काकू, पेपर आता माझ्याकडे आहे, मार्क मीच देते. पण हे माझ्याच्याने होत नाही. मला सर अजून खूप वर्षं नापास व्हायला हवे होते.

चला, सगळे उभे राहू या. सरांना जे कधी जमलं नाही, ते आज दोन मिनिटं आपण त्यांच्यासाठी करू या. गप्प राहू या.