सतराचा पाढा

इरा, कबीर, परवा फोनवर इरा रुसली, म्हणून हे आत्ताच सांगते. फुटबॉल खेळताना डोक्याला डोकं आपटलं, कोचबाईंनी विचारलं शेवटचा गोल कोणी केला, हिला सांगता येईना, तर बाहेर बसवलं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळ बंद. आजी, मी ठीक आहे, तू बाबाला सांग ना मला खेळू द्यायला, म्हणाली. मी बाबाला काही सांगणार नाही. तुम्हालाच नंदाआत्याचं सांगते. तुम्हाला वाटतं ती पहिल्यापासून अशीच.

मी मूळची सिन्नरची, इंग्रजी घेऊन बीए झाले आणि तिथल्याच एका शाळेत लागले. नंदा, माझी मुलगी, त्याच शाळेत नववीत, कबड्डीच्या संघात. शाळेत मला बाई म्हणायची, घरी आई, कधी चुकली नाही. दिंडोरीला सामना होता, मीही बरोबर होते. पकड करताना समोरच्या मुलीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. तोंडावर पाणी मारलं, उठली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, आई, डबा कधी खायचा? डबा तासाभरापूर्वीच खाल्ला होता. मग मैदानात समोरच्या संघाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मुली हसल्या, अगं नंदे, पार्टी बदलली का? काय सांगू तुम्हाला, मीही हसले.

खेळाचे सर म्हणाले, बाई, तुम्ही सांगा, खेळवू का? मी शिस्तीची, परीक्षा घेतल्याशिवाय कशी हो म्हणणार? म्हटलं, सतराचा पाढा म्हण. तिने खडाखडा म्हटला. मी म्हटलं, खेळू द्या. लहानपणी घोकलेलं डोकं आपटलं तरी तोंडातून येतं, हे मला कुठे माहीत! विचारायचं होतं ते आत्ताचं, समोर कुठली शाळा आहे, आपण जेवलो का. आणि ते तर तीच मला विचारत होती. पुढच्या पकडीत पडली ती उठलीच नाही.

नाशिकला डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. शाळा सुटली ती सुटलीच. आता आम्ही दोघीच इथे. तिला ऊन सोसत नाही, दूध गॅसवर ठेवते आणि विसरते, एका सकाळी तीनदा विचारते, आई, जेवलो का आपण?

एकदा मी म्हटलं, नंदा, माझं चुकलं.

ती म्हणाली, काय चुकलं गं?

इरा, डॉक्टर सांगतील तोवर बस, बाळा. रूस हवं तेवढं, पण बस. आत्याला तुमची नावं सांगावी लागतात, दर वेळी सांगते मी. सतराचा पाढा मात्र तिला अजून येतो, एकही चूक नाही.