जाते म्हणायचं नाही

आम्ही इथलेच. पुण्यामुंबईची माणसं आमचं मराठी ऐकून विचारतात, तुमचं गाव कुठलं, मी सांगते बेंगळुरू, मग म्हणतात तसं नाही हो, मूळ गाव, तर मी म्हणते हेच मूळ. पूर्वज कधीकाळी कुणाच्या तरी फौजेबरोबर आले म्हणतात, त्यांचं मला ठाऊक नाही, मला माझ्या आजोबांपासून ठाऊक आहे, आणि ते राजाजीनगरात शिलाई मशीनवर बसायचे. त्यांच्यानंतर त्याच मशीनवर अण्णा, म्हणजे माझे वडील. घरात कॉलेज केलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, चांगलं मिरवते.

शाळा कन्नड, घर मराठी, आणि कॉलेजात पाय ठेवला तर एकदम सगळं इंग्रजी, काय सांगू तुम्हाला ताई, मागच्या बाकावर बसून मी नुसती ओठ हलवायची, आणि बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या वाचत शब्द गोळा करायची. तशी बी.कॉम. झाले. आता महादेवपुऱ्यात एका ऑफिसात आहे, आणि रविवारी आमच्या समाजाच्या हॉलात बायकांना इंग्रजीचे पहिले शब्द शिकवते. पुस्तक नाहीच. वस्तू हातात द्यायची. चमचा दिला, स्पून. दाराशी उभं केलं, ओपन, क्लोज.

त्या वर्गात पहिल्या रांगेत आमची आई. अण्णांची नजर कमी झाली, सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद झालं. बंद झालं म्हटलं तर आई रागावते, दुकान वाढवलं म्हण. आईनं सगळा जन्म त्या दुकानाच्या मागच्या बाजूला बसून काजं केली, बटणं लावली, आणि मग एक दिवस म्हणाली, आता मी बाहेर काम करणार. माझ्या ऑफिसशेजारच्या इमारतीत एक पाळणाघर आहे, तिथं वयानं मोठी, मायेची बाई हवी होती. पण मुलांचे आईबाप एक पंजाबचा तर एक केरळची, घरात बोलतात इंग्रजी, तेव्हा मुलांना तेवढंच येतं. आठवडाभर बघू, मग ठरवू, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. आईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, ते तिला मिळावं असं मला फार वाटत होतं.

मिल्क, स्लीप, वॉश, पेन, आई भराभर शिकली. एम्प्टी मात्र म्हणेना. डब्यात तांदूळ नसले तरी आमच्याकडे डबा रिकामा म्हणत नाहीत, भरायचा आहे म्हणतात. आणि दुसरा शब्द गो. मी म्हटलं, निघताना आय ॲम गोइंग म्हण. ती म्हणाली, आय ॲम कमिंग. मला वाटलं गोंधळली. दोनदा सुधारलं. तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, मला फरक कळतो ग, पण निघताना जाते म्हणतं का कुणी? मी म्हटलं सरी, बरं, राहू दे, तेवढ्यावाचून काय अडतंय.

नेमकं तेच अडलं. तिथं एक छोटी मुलगी होती, तारा नाव, कुणाकडे न जाणारी, ती पहिल्याच दिवशी आईच्या हातून जेवली. संध्याकाळी आईनं चप्पल घातली, तिच्या गालावरून हात फिरवला, आय ॲम कमिंग म्हणाली आणि बस धरली. तारा काचेच्या दाराशी बसून राहिली. तिची स्वतःची आई न्यायला आली तरी उठेना, म्हणे आजी इज कमिंग, आजी म्हणजे आमची आई. रडून रडून घसा बसवला पोरीनं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मॅडमनी मला बोलावून घेतलं, शिकलेल्या आहात, आईला समजवा, जाताना जाते म्हणून सांगायचं, मुलांना फसवायचं नाही, असंच चाललं तर आम्हाला ठेवता येणार नाही.

घरी आले आणि म्हटलं, आई, नुसता शब्द आहे, इंग्रजीत त्याला काही चिकटलेलं नसतं. आई शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "लेकराच्या तोंडावर जाते म्हणू? काम सुटलं तर सुटू दे, ते मी म्हणायची नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, याच शब्दांसाठी मी वर्षानुवर्षं हसं करून घेतलं, मला कुणी विचारलं का तुला कसं वाटतं म्हणून. तेवढ्यात अण्णा खुर्चीतून म्हणाले, शेजारच्या अक्काकडून निघताना काय म्हणतेस? आई म्हणाली, होग्बर्तीनी. म्हणजे कन्नडात, जाऊन येते. मग तेच म्हण की इंग्रजीत, अण्णा म्हणाले, स्वल्प मोडकं असलं तर असू दे.

मी म्हणणार होते असं इंग्रजीत कुणी बोलत नाही. नाही म्हटलं. आईनं मला विचारलं, गो म्हणून लगेच कम म्हटलं, मध्ये श्वासच घेतला नाही, तर चालेल ना? मी म्हटलं चालेल, पण कधी येणार तेही पोरीला सांग, आणि टुमॉरो शिकवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून खाली उतरून मी पाळणाघराच्या काचेबाहेर उभी राहिले. आई तारासमोर उकिडवी बसली, हात रस्त्याकडे नेला, परत छातीशी आणला. "गो, कम. टुमॉरो." पोरीचा ओठ थरथरला. आईनं पुन्हा केलं. मग तारानं तसाच हात नेला, तसाच आणला, आणि खेळायला पळाली. मॅडम म्हणाल्या, हे इंग्रजी नाही हं. आणि आईला सोमवारपासून कायम यायला सांगितलं.

आता तिथली सगळी मुलं घरी निघताना गो कम म्हणतात, आईबाप हसतात आणि तेही म्हणतात. मीसुद्धा वर्गात गो एकटा शिकवत नाही, त्याच दिवशी कम.

मध्यंतरी ताराच्या वडिलांची परदेशात बदली झाली. शेवटच्या दिवशी पाठीला पिशवी लावून तिनं आईला हात करून दाखवला, गो, कम, टुमॉरो. उद्या नाही हे आईला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, कम. बसमध्ये माझ्या शेजारी बसून सारा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, उद्या एक नवीन मुलगा येणार आहे, त्याच्या घरी काय बोलतात ते विचारून ठेव.

तर असं आमचं चाललंय, बरं चाललंय. तुमची बस आलीच असेल. पण आमच्या दारातून निघताना जाते म्हणू नका हं ताई. येते म्हणा. या.